दुबईत थांबा असेल तर आधी सामान तपासा

मुंबई–दुबई–न्यूयॉर्क असा प्रवास पहिल्यांदाच बिझनेस क्लासने करणार आणि वाटेत दुबईत दोन दिवस थांबणार असाल, तर या काही सूचना. एमिरेट्स या दुबईच्या विमान कंपनीच्या ए३८० या दुमजली विमानात बिझनेसच्या एका रांगेत सीट १-२-१ अशा असतात, म्हणजे दोन्ही खिडक्यांकडे एकेक आणि मध्ये दोन. एकट्याने जाताना ए किंवा के अक्षराची सीट घ्या, त्या खिडकीला चिकटून असतात, जोडप्याने मधल्या ई-एफ. जुन्या बोइंग ७७७ विमानात मात्र २-३-२, मधली सीट टाळाच. विमान ऐनवेळी बदलू शकतं, त्यामुळे आदल्या दिवशी सीट पुन्हा बघा. जैन जेवण किमान २४ तास आधी नोंदवा.

खरी काळजी सामानाची. दुबईत बाहेर पडणार म्हणजे तिथले नियम लागू. खसखस तिथे बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, तेव्हा घरचे अनारसे बॅगेत अजिबात नकोत, कितीही आग्रह झाला तरी! कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल हे वेदनाशामक असेल तर प्रवासाआधी ऑनलाइन परवानगी काढा. चेक-इनला बॅगेचा टॅग वाचा: बॅग दुबईत हवी असेल तर त्यावर डीएक्सबी (दुबई विमानतळाचा कोड) हवं, जेएफके (न्यूयॉर्कचा) नको. पॉवर बँक एकच, १०० वॅट-अवरच्या आतली, हातातल्या बॅगेत; विमानात वापरायची नाही.