एक स्वेटर पुरेल, पण व्हिला कुठे आहे?
'डिसेंबरात महाबळेश्वरला एक स्वेटर पुरतो, बॅग उगाच भरू नका' असं म्हणतात, ते बाजारपेठेत राहणाऱ्यांसाठी खरंच आहे. दुपारी तर तोही काढून कमरेला बांधावा लागतो. पण व्हिला वेण्णा तलाव किंवा लिंगमळ्याच्या बाजूला असेल तर हिशेब बदलतो. निरभ्र रात्री जड, गार हवा उतारावरून खाली सरकते आणि त्या सखल भागात साचून राहते. त्यामुळे गावात पारा ८-१० अंशांवर असतानाही तिकडे गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठलेलं दिसतं. मोबाईलवर दिसणारं तापमान गावाचं, ते बघून बॅग भरू नका.

आम्ही दोन वर्षांपूर्वी तिथेच फसलो. व्हिला देखणा, पण फरशी बर्फासारखी आणि माणशी एकच पातळ ब्लँकेट. हॉटेल नसल्यामुळे रात्री अकराला 'अजून एक द्या' म्हणायला काउंटरच नाही! केअरटेकर गावात झोपायला गेलेला. शेवटी आईला सगळ्यांच्या शाली पांघरल्या. सकाळी खोबरेल तेलाची बाटली दगड झालेली, ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी केली तेव्हा कुठे वेणी-फणी झाली. तेव्हापासून जाड मोजे, कानटोपी, घरात घालायच्या सपाता आणि रबरी गरम पाण्याची पिशवी आधी भरते. कपडे नंतर. आणि हो, काडेपेटी घ्या, तिथल्या गॅसचा लायटर चालेलच असं नाही.