नाशिकमधली भाडी आणि अकरा महिन्यांचा करार
काही जण म्हणतात की २०२७च्या कुंभमेळ्यामुळे नाशिकमध्ये सगळीकडेच भाडी चढलीत. मला नाही पटत. गंगापूर रोड, कॉलेज रोड अशा महागड्या भागांचे दर बघून अख्ख्या शहराचा अंदाज बांधू नका. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी असेल तर जवळचे सिडको, पाथर्डी फाटा हे भाग आधी बघा.

आणि कृपा करून तोंडी व्यवहार नको! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. मेंटेनन्स कोण भरणार, दरवर्षी भाडं किती वाढणार, डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापणार का, हे करारातच लिहून घ्या. माझ्या भाच्याचं निम्मं डिपॉझिट रंगकामाच्या नावाखाली गेलं, कारण करारात त्याबद्दल एक ओळही नव्हती.