रेड लेडी पपईचं बी घरी धरलं, २४ पैकी ६ झाडं नर निघाली. असं का?

माळरान_४५
रेड लेडीच्या एका फळातलं बी धरून रोपं केली. मूळ बाग पाकिटातल्या बियाण्याची होती आणि तिच्यात एकही नर नव्हता. आता पाचव्या महिन्यात २४ झाडांना फुलं आलीत: मादी १३, उभयलिंगी ५, नर ६. हे नर आले कुठून? आणि रोपातच नर ओळखायची काही खूण आहे का? काळं बी नराचं आणि फिकट बी मादीचं, असं इकडे सांगतात.

बीजांकुर
फळ गोल होतं की लांबट? आणि जवळपास गावठी पपई आहे का?

माळरान_४५
गोल होतं. बांधापलीकडे गावठी पपईची दोन झाडं आहेत, लांब लोंबत्या फुलोऱ्याची.

बीजांकुर
मग आकडे बरोबर जुळतात. पपईचं लिंग एकाच जागच्या जनुकावर ठरतं. १९३८ मध्ये हॉफमेयर यांनी दक्षिण आफ्रिकेत आणि स्टोरी यांनी हवाईत, दोघांनी आपापल्या परीने हे मांडलं. या जनुकाची तीन रूपं आहेत: न (नर), उ (उभयलिंगी) आणि म (मादी). प्रत्येक झाडात दोन रूपं असतात, एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून. न आणि उ दोन्ही म वर प्रभावी आहेत. म्हणून मादी झाड मम, नर नम आणि उभयलिंगी उम. नन, नउ, उउ अशी जोडी जमली तर गर्भ बियातच मरतो, रोप होतच नाही.

गोल फळ मादी झाडाचं. ती प्रत्येक बीला म देते, दुसरं काही तिच्याकडे नाहीच. परागाचं झाड नर असो वा उभयलिंगी, त्याचे निम्मे परागकण म चे असतात. त्यामुळे साधारण निम्मी रोपं मादी होणारच. तुमच्याकडे २४ पैकी १३ झाली. उरलेल्या ११ मध्ये नर किती आणि उभयलिंगी किती, हे पराग कुठून किती आले त्यावर. एका फळात शेकडो बिया आणि प्रत्येक बीला वेगळा परागकण, म्हणून एकाच फळात दोन बाप सहज येतात. न हे रूप तुमच्या मूळ बागेत नव्हतंच. एक जरी नर निघाला, तरी पराग बाहेरून आला हे पक्कं.

बियांच्या रंगाचा लिंगाशी संबंध नाही. रोप पाहूनही सांगता येत नाही. प्रयोगशाळेत पानाची डीएनए चाचणी होते, शेतात मात्र फुलाची वाट पाहावी लागते.

परसबाग_ताई
म्हणजे पुढच्या वेळी लांबट फळाचं बी घेतलं की झालं?

बीजांकुर
ताई, लांबट फळ म्हणजे आई उभयलिंगी, एवढंच कळतं. बाप कोण ते कळत नाही, म्हणून पिशवी बांधायची. उद्या उमलेल अशी फुगलेली कळी निवडा, संध्याकाळी तिच्यावर बटर पेपरची पिशवी बांधा, देठाला खुणेचा दोरा बांधा. आठ-दहा दिवसांनी फळ धरलेलं दिसलं की पिशवी काढा. फुलाचे स्वतःचेच पराग लागतात, म्हणजे उम आणि उम. चारांत एक उउ, तो मरतो. दोन उम, एक मम. जगणाऱ्या रोपांत दोन उभयलिंगी, एक मादी, नर शून्य.

खड्ड्यात अशी दोन रोपं वीतभर अंतराने लावली, तर दोन्ही मादी निघण्याची शक्यता ९ पैकी १. तीन लावली तर २७ पैकी १. सहा बाय सहा फुटांवर एकरी १२१० खड्डे बसतात, त्यावरून रोपं किती लागतील ते काढा. फुलं आल्यावर नको ते रोप जमिनीलगत कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळंही तुटतात.

बी धुताना वरची बुळबुळीत पिशवी राखेने चोळून पूर्ण काढा, ती राहिली की उगवण लांबते. पाण्यावर तरंगणारं बी टाकून द्या आणि बाकीचं सावलीत सुकवा.

शेतीशाळा
दोन गोष्टी जोडतो.

एप्रिल-मेच्या उन्हात उभयलिंगी झाडाच्या फुलातला अंडाशय खुरटतो आणि झाड नरासारखं दिसतं. जनुक तेच असतं, उन्हामुळे लक्षण बदलतं. खरा नर ओळखायचा तो हातभर लोंबणाऱ्या, फांद्या फुटलेल्या फुलोऱ्यावरून. आखूड देठावर खोडालगत फुलं असतील तर झाड कापू नका, हवा निवळली की ते पुन्हा फळ धरतं.

दुसरं, शेजारच्या गावठी पपईने फळाची गोडी बिघडते हा समज चूक आहे. गर आईचा असतो, बापाचा अंश फक्त बियांत. परिणाम दिसतो तो त्या बियांपासून झालेल्या झाडांच्या फळांत. पिवळा गर तांबड्यावर प्रभावी आहे आणि रेड लेडीचा गर तांबडा. तुमच्या २४ पैकी एखाद्याचं फळ पिवळं निघालं, तर त्या झाडाचा बाप बाहेरचा.

माळरान_४५
मग हे ६ नर कापू का? मादी झाडांना परागाचं काय?

शेतीशाळा
फुलोरा तपासून सगळे कापा. ५ उभयलिंगी झाडांचे पराग १३ माद्यांना पुरतात, फक्त ती एका कोपऱ्यात नकोत. पुसा नन्हा किंवा को-१ सारख्या जातीत उभयलिंगी झाड नसतंच, तिथे मात्र शेकडा १० नर बागभर विखरून ठेवावे लागतात.