एकटीने सिंधुदुर्ग-विजयदुर्ग, तेही एस.टी.ने: जमेल का?

शिदोरी (कोल्हापूर)
नमस्कार मंडळी. वय ४९, गाडी चालवता येत नाही आणि घरात कोणाला किल्ल्यांचं वेड नाही. नवरा म्हणतो, एक बुरूज बघितला की सगळे बघितले. जानेवारीत चार दिवस रजा मिळते आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जमलं तर जंजिरा आणि कुलाबा, असं एस.टी.ने आणि एकटीने करायचंय. होडीत एकट्या माणसाला घेतात का? आणि एका लॉजवाल्याने फोनवर "सोबत कोण?" विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्याच्या खोल्या एकदम भरल्या. यावर काय करता तुम्ही?

पडेलकरीण
ताई, जंजिरा नि कुलाबा यादीतून काढा. ते रायगड जिल्ह्यात, ती वेगळी खेप. दोनच किल्ले करा, पण निवांत बसून करा.

आमच्याकडे प्रवास उलटा आखतात. आधी परतीची शेवटची गाडी, मग बाकीचं. मी पडेलची, म्हणजे विजयदुर्ग अगदी शेजारचा, तरी एकदा फसलेच. तटावर बसून खाडीत शिरणाऱ्या ट्रॉलर बघत राहिले. मराठा आरमाराचे सरखेल तुळाजी आंग्रे, त्यांचं आरमार १७५६ मध्ये इथेच जळालं, ते डोक्यात घोळत होतं. खाली आले तर टपरीवाल्या मावशी फळ्या लावत होत्या. म्हणाल्या, "गाडी गेली गो बाय तुझी. आता वस्तीची येतली, ती सकाळी सुटतली." रात्र त्यांच्याच ओटीवर काढली. पहाटे अंधारात कंडक्टर नळावर दात घासत होता. तोंडात ब्रश तसाच, मला हातानेच खूण केली, की बसा आत.

तेव्हापासून उतरतानाच कंडक्टरला विचारते, शेवटची कधी? बहुतेकदा परत जाणारा तोच असतो. फोनवरच्या वेळापत्रकापेक्षा स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीवर भरवसा ठेवा. थेट गाडी नसली तर मालवणहून देवगड आणि तिथून विजयदुर्ग. परतताना गगनबावड्याकडून कोल्हापूर. घाटरस्ता चालू आहे ना, तेवढं आधी विचारा. मार्च २०२३ पासून आपल्याला, म्हणजे बायकांना, एस.टी.त अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एस.टी.चा "आवडेल तेथे प्रवास"चा पास बहुधा परवडायचा नाही.

होडीचं म्हणाल तर मालवणच्या जेटीवर एकट्याची अडचण नाही, माणसं भरली की बोट सुटते. हर्णैला सुवर्णदुर्गासाठी मात्र चार डोकी जमेपर्यंत ताटकळाल, नाहीतर अख्ख्या होडीचे पैसे तुमच्यावर. विजयदुर्गाला होडीच नको, स्टँडवरून चालत जाता येतं. एकटीसाठी त्याच्यासारखा किल्ला नाही.

सिंधुदुर्ग ४८ एकरांचा, आणि बोटवाले तासभर देतात. तेवढ्यात काही होत नाही. जास्त थांबायचं असेल तर चढतानाच बोलून घ्या. बोटीतून दरवाजा शोधून बघा, दोन बुरुजांच्या कुशीत असा लपलाय की टेकेपर्यंत दिसत नाही. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी चुकवू नका. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये हे.

खोलीसाठी घरगुती सोय बघा, जिथे घरातली बाई फोन उचलते. ती "सोबत कोण" विचारत नाही, "जेवणात मासे चालतात का" विचारते.

रेवदंडेकर
कुलाबा पुढच्या खेपेला कराल तेव्हासाठी. ओहोटीला अलिबागहून चालत जाता येतं. आमच्याकडचा हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे तृतीयेला भरती सव्वादोनला, ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. सकाळी लवकर निघणाऱ्याला हाच दिवस सोयीचा. अष्टमीला ओहोटी बाराला येते खरी, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमेला हटतं भरपूर, पण संध्याकाळी, परतताना अंधार. आणि काहीही झालं तरी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.

खग्रास
विजयदुर्गावर "साहेबाचे ओटे" दाखवून लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सूर्यग्रहणात इथून हेलियम शोधला असं सांगतील. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरं, पण ते गुंटूरहून पाहिलं जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने. लॉकियरची निरीक्षणं ऑक्टोबरमधली, आणि तीही इंग्लंडमधली. ओटे मात्र जरूर बघा, वाद नंतर घालू.

शिदोरी
ठरलं, दोनच किल्ले. पडेलकरीणताई, त्या टपरीवाल्या मावशी अजून असतात का?

पडेलकरीण
असतात, पण टपरीवर आता सून बसते. चहा जरा पाणचट करते. खाजा मात्र घ्या.