उडीपेक्षा पाण्याबाहेर येणं अवघड

कोस्टिअरिंग म्हणजे समुद्रकड्याच्या कडेने खडक चढत, पाण्यात उड्या मारत आणि पोहत पुढे जाणं. 'सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला ते सहज जमेल' हे इथे कुणीतरी मांडलेलं मत मला अर्धंच पटलं. खडकावर पाय रोवायची सवय कामी येते, पण पुण्याच्या टिळक तलावावरचं पोहणं आणि कड्याखाली हेलकावणाऱ्या पाण्यातलं पोहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी वेल्समध्ये पेम्ब्रोकशायरला केलं. १९८०च्या दशकात हा प्रकार तिथेच नावारूपाला आला. ऐन उन्हाळ्यातही पाणी साधारण १५-१६ अंश, त्यामुळे वेटसूट हवाच. शिवाय हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि जुने, पकड असलेले बूट.

सगळे उडीलाच घाबरतात, पण पाण्याची खोली गाईडने आधीच तपासलेली असते. खरी कसोटी पाण्याबाहेर येताना. लाट उचलेपर्यंत थांबायचं, तिच्यासोबत वर जाऊन कपार धरायची आणि ती ओसरायच्या आत पाय वर घ्यायचे. चुकलात तर खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांवर गुडघे सोलवटतात. पण जमलं की काय आनंद होतो!

कुणीतरी दिवाळीनंतर कोकणात आपलं आपणच करू म्हणालंय. कृपा करून नको. भरती-ओहोटी आणि तो किनारा जाणणारा माणूस सोबत नसेल तर अजिबात उतरू नका.