अनुभव धागा : युद्धस्मारकावरील भेट आणि हातातली चिठ्ठी

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातील युद्धस्मारकावर एखादे नामवंत निवृत्त सेनाधिकारी पुष्पचक्र वाहण्यासाठी येणार असले, की खानापूर, निपाणी, चिकोडी आणि सीमेपलीकडील चंदगड, गडहिंग्लज येथूनही माजी सैनिक, वीरपत्नी आणि वीरमाता त्यांच्या भेटीसाठी येतात. प्रत्यक्ष भेट जेमतेम मिनिटभराची असते. ते मिनिट ओळख सांगण्यात संपू नये, म्हणून आम्ही स्वयंसेवक रांगेतच प्रत्येकाची चिठ्ठी लिहून देतो: गाव, सैनिकाचे नाव, नाते, पलटण. तिचा उपयोग किती आणि अडथळा किती, याविषयी आमच्यात एकमत नाही. हे काम केलेल्यांनी आणि त्या रांगेत उभे राहिलेल्यांनीही आपला अनुभव लिहावा. पाण्याच्या आणि मंडपाच्या तक्रारी रास्त आहेत, परंतु त्या येथे नकोत.

निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका

एका आजींना मी पतीची पलटण विचारली, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता "छप्पन्न एपीओ" असे उत्तर दिले. आयुष्यभर पत्रांवर त्यांनी तोच पत्ता पाहिला होता. तो सैनिकी डाकघराचा क्रमांक आहे, त्यावरून पलटण कळत नाही, हे त्यांना कोणी आणि कशासाठी सांगावे? पेन्शनची कागदपत्रे घरी होती. शेवटी मी घरातल्या काळ्या पत्र्याच्या पेटीविषयी विचारले, कारण माझ्या भावाच्या पेटीवर त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण पांढऱ्या रंगात लिहिलेली मी लहानपणापासून पाहत आले आहे. पेटी होती, तिच्यात आता तांदूळ ठेवत होते. आमचे मोबाईल प्रवेशद्वारापाशी जमा केलेले असल्यामुळे मी रांग सोडून बाहेर गेले आणि त्यांच्या नातवाला फोन लावला. त्याने पेटीवरची धूळ पुसून अक्षरे वाचून दाखवली. मी परतले तेव्हा आजींच्या पुढे केवळ चार माणसे उरली होती. साहेबांनी चिठ्ठी वाचून पलटणीचे नाव मोठ्याने उच्चारले आणि आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या पुढे काय बोलल्या ते मी ऐकले नाही, ऐकायचे नव्हतेही.

एनसीसीचा माजी छात्र, बेळगाव

माझी चूक प्रांजळपणे सांगतो. एका वृद्ध सुभेदारांनी "काली पांचवीं" असे सांगितले आणि मी बिनधास्त "५ मराठा" लिहून मोकळा झालो. काली पांचवीं म्हणजे आजची २ मराठा, अर्थात मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण. ही पलटण पूर्वी १०५ क्रमांकाची होती, १९२२ च्या फेररचनेत तो क्रमांक गेला, परंतु टोपणनावातला पाच तसाच राहिला, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. साहेबांनी चिठ्ठी पाहून ५ मराठाविषयी काही विचारले, तेव्हा सुभेदारसाहेबांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे असे पाहिले, की मला तेथेच सावधान उभे राहावेसे वाटले. त्यांचे निम्मे मिनिट दुरुस्तीत गेले. तेव्हापासून मी समोरच्या व्यक्तीचे शब्द जसेच्या तसे लिहितो आणि लिहिलेले वाचून दाखवतो. स्वतःचे ज्ञान त्यात मिसळत नाही.

माजी सैनिक, जंगी पलटण (१ मराठा)

मी १९७१ च्या युद्धात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील जमालपूरला होतो. आमच्या ब्रिगेड कमांडरांनी शत्रूच्या ठाण्याला शरण येण्याविषयी चिठ्ठी पाठवली होती. ती एक जण सायकलवरून घेऊन गेला आणि उत्तराच्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली. ११ डिसेंबरला ठाणे पडले. त्यामुळे रांगेतल्या मुलीने चिठ्ठी पुढे केली, तेव्हा मी तिला हसत सांगितले, की जंगीच्या माणसाला चिठ्ठी नको. साहेबांसमोर मी माझा नंबर, हुद्दा आणि नाव स्वतः सांगितले. ज्याला बोलता येते त्याला बोलू द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

स्वयंसेवक, चिकोडी

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. एका वीरमातेला केवळ कन्नड येत होते आणि साहेबांना हिंदी व इंग्रजी. चिठ्ठी देवनागरीत लिहिली म्हणून निदान मुलाचे नाव तरी साहेबांना वाचता आले. पुढे मी दुभाषी म्हणून मध्ये उभा राहिलो. दोन वाक्यांनंतर मातेने माझ्या दंडाला धरून मला हळूच बाजूला केले आणि त्या साहेबांशी कन्नडमध्येच बोलत राहिल्या. तेही मान हलवत ऐकत राहिले. चिठ्ठी लिहिली की आपण बाजूला व्हावे, हे मला तेव्हापासून पटले आहे.

रांगेत उभी राहिलेली, निपाणी

माझ्या आईची चिठ्ठी एका तरुण स्वयंसेवकाने अतिशय सुवाच्य अक्षरांत लिहिली होती. भेट संपल्यावर साहेबांनी ती घडी घालून सवयीने खिशात ठेवली. आम्ही चार पावले पुढे आलो आणि आई मागे वळली. रांग थांबली, पुढच्या स्वयंसेवकाच्या कपाळावर आठ्या चढल्या. आईने चिठ्ठी परत मागितली. बाबांचे नाव, हुद्दा आणि पलटण सगळे एका ठिकाणी लिहिलेले आहे, बँकेत हयातीच्या दाखल्याला गेले की दरवेळी सांगत बसायला नको, असे तिने कारणही दिले. साहेबांनी मागे सही करून ती परत केली. आईला सहीचे काही विशेष वाटले नाही. चिठ्ठी पेन्शनच्या कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, आणि गेल्या नोव्हेंबरात बँकेतल्या मुलीने ती खरोखरच मागून घेऊन वाचली.