कब्सपेक्षा नॅशनल्स

बेसबॉलच्या कुठल्या हंगामावर भागाभागांची मालिका निघावी, यावर कुणीतरी 2016 च्या शिकागो कब्स संघाचं नाव सुचवलं, ते मत पटलं. विजेतेपदाचा 108 वर्षांचा दुष्काळ संपला म्हटल्यावर प्रश्नच नाही. पण ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला विचाराल तर 2019 चा वॉशिंग्टन नॅशनल्सचा हंगाम घ्या.

संघाचा स्टार ब्राइस हार्पर फिलाडेल्फियाच्या संघात निघून गेलेला, आणि पहिल्या 50 सामन्यांत 19 विजय, 31 पराभव. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझची आता उचलबांगडी होणार, असंच सगळे धरून चालले होते. त्यात संघातल्या हेरार्डो पाराने बॅटिंगला येताना लहान मुलांचं ते शार्कचं गाणं लावायला सुरुवात केली (घरातल्या चिमुरडीला आवडतं म्हणून!) आणि अख्खं स्टेडियम हाताचे जबडे करून टाळ्या वाजवायला लागलं.

तिथून हा संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत, पोहोचला. तिथे ह्यूस्टनविरुद्ध सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले, म्हणजे शेवटचा ह्यूस्टनमध्ये नॅशनल्सने. मान आखडल्यामुळे नॅशनल्सचा पिचर (बॉलर) शेर्झर याला पाचव्या सामन्याच्या सकाळी कपडेसुद्धा स्वतःचे स्वतः घालता येईनात. पठ्ठ्याने तीन दिवसांनी सातव्याला बॉलिंग टाकली. त्यात नॅशनल्स 2-0 ने मागे असताना सातव्या इनिंगमध्ये आधी त्यांच्या रेंडनचा होमरन (क्रिकेटमधल्या सिक्सरसारखा फटका), मग ह्यूस्टनने पिचर ग्रेंकीला काढून विल हॅरिसला आणलं, आणि नॅशनल्सच्या हाउवी केंड्रिकचा फटका थेट उजवीकडच्या फाउल पोलवर (मैदानाच्या हद्दीचा खांब), म्हणजे होमरन आणि आघाडी! ह्यूस्टनचा दुसरा पिचर गेरिट कोल तिकडे बुलपेनमध्येच (राखीव पिचर थांबतात ती जागा) राहिला. ग्रेंकीला तेव्हा का काढलं, यावर एक अख्खा भाग सहज निघेल.